गोष्ट तुझी, पण शहर जपानचं

पत्र:

ताई, मी वेंगुर्ले तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका गावात राहते. वय १९, एसवाय बीकॉमला आहे. आठवीपासून जपानी कार्टून-मालिका, म्हणजे अ‍ॅनिमे बघते. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’, ‘नात्सुमे’, ‘मुशिशी’, ‘वन पीस’ ही माझी सगळ्यात लाडकी. ती बघूनच मला लिहावंसं वाटायला लागलं. दोनशे पानी तीन वह्या भरल्यात. माझा नायक रेन चेरीची झाडं असलेल्या एका बंदराच्या शहरात राहतो आणि समुद्राखालचा एक ड्रॅगन-देव त्या शहराची राखण करतो. वह्यांतली काही पानं सोबत जोडली आहेत. मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, भारी आहे, पण सगळं कुठेतरी पाहिलेलं वाटतं. चुलतभाऊ सरळ म्हणाला, कॉपी आहे. आई म्हणते, कार्टून बघून कोणाचं भलं झालंय? मी अ‍ॅनिमे बघणं बंद करू का? सगळे सांगतात, आपल्या मातीतलं लिही. पण ताई, इथे काही घडतच नाही. पावसाळ्यात तर दोन महिने समुद्रसुद्धा बंद असतो. आजी तिन्हीसांजेनंतर अंगणाबाहेर बसू देत नाही, म्हणते, ‘देव राती गाव फिरता, वाटेत बसा नको.’ अशा ठिकाणी कसली गोष्ट सुचणार?

उत्तर:

अ‍ॅनिमे बघणं अजिबात बंद करू नकोस, आणि त्या तीन वह्या नीट जपून ठेव. एकोणिसाव्या वर्षी सहाशे पानं लिहिणारी मुलगी रिकामटेकडी नसते. तुझ्या हाताला लिहायची सवय लागली आहे, आणि ती लावून घेणंच सगळ्यात कठीण असतं.

आता ‘कॉपी’ या शब्दाचं बघू, कारण तो तुला चांगलाच लागलेला दिसतो. भुताखेतांची अ‍ॅनिमे ज्या मालिकेपर्यंत मागे नेता येतात ती ‘गेगेगे नो कितारो’ तुला माहीत असेल. १९६८मध्ये ती पहिल्यांदा टीव्हीवर आली आणि २०१८पर्यंत नव्या नव्या रूपात येत राहिली. तिचे लेखक शिगेरू मिझुकी. १९२२चा जन्म, बालपण साकाइमिनातो नावाच्या मासेमारीच्या बंदरात गेलं. त्यांच्या घरी येणारी एक म्हातारी बाई त्यांना गावातल्या भुतांच्या, पाण्यातल्या आणि छपरावरच्या अदृश्य जिवांच्या गोष्टी सांगायची. पुढे महायुद्धात त्यांचा डावा हात गेला. परत आल्यावर पोटासाठी ते कामिशिबाईची चित्रं काढत. सायकलवर लाकडी चौकट बांधून माणूस गल्लीत यायचा, मुलांना गोळ्या-मिठाई विकायचा आणि एकामागून एक चित्र सरकवत गोष्ट सांगायचा, ती कामिशिबाई. कितारो हे पात्र मिझुकींनी शून्यातून निर्माण केलेलं नाही. १९३०च्या दशकातल्या एका कामिशिबाईतून ते त्यांच्याकडे आलं. पण त्या पात्राभोवती त्यांनी जे जग उभं केलं ते त्या म्हातारीने सांगितलेलं होतं, लहानपणापासून कानावर पडलेलं होतं. आज त्या साकाइमिनातोत रस्त्याच्या दुतर्फा त्यांच्या भुतांचे कांस्याचे पुतळे उभे आहेत.

तेव्हा उसनं घेतलंस हा काही गुन्हा झाला नाही. भावाचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं तुला ऐकून घ्यावं लागेल. तू अ‍ॅनिमेतून घेतलंस ते डोळ्यांना दिसणारं घेतलंस. नावं, चेरीची फुलं, शाळेचा गणवेश, ड्रॅगन. ती मालिका चालते कशामुळे, ते घ्यायचं राहून गेलं.

‘मुशिशी’चा पहिला एपिसोड परत लाव. या वेळी हातात पेन घेऊन बस. शिनरा नावाचा मुलगा डाव्या हाताने जे काढतो ते जिवंत होतं. कागदावरचा पक्षी उडून जातो. म्हणून तो एकटा, डोंगरातल्या घरात राहतो. मुशी नावाच्या अदृश्य जिवांचा अभ्यास करत फिरणारा गिंको त्याला भेटायला येतो आणि त्याला कळतं की मुलाची वारलेली आजी अर्धी अजून त्याच घरात आहे. लहानपणी मुशींच्या मेजवानीत तिला दिलेला प्याला अर्धवट फुटला, म्हणून तिचं मुशी होणंही अर्धवट राहिलं. यावर उपाय काय सापडतो? मुलगा त्याच डाव्या हाताने प्याल्याचा हरवलेला अर्धा भाग काढतो. बस. बाहेरून कोणी गुरू आला नाही, नवी शक्ती मिळाली नाही, तलवार निघाली नाही. ज्या गोष्टीमुळे तो मुलगा एकटा पडला होता, तिनेच त्याला त्याची आजी दिसू लागली. पहिल्या पाच मिनिटांत जे आपल्याला गंमत म्हणून दाखवलं, तेच शेवटी कामाला आलं. हे सगळं एका अर्ध्या तासाच्या आत. तू पाच एपिसोड असे उलगडून वहीत मांडलेस, प्रत्येकी एक पान, की सुरुवातीला काय ठेवलं आणि शेवटी काय उचललं हे तुझं तुला दिसायला लागेल. मला विचारशील तर लेखनाच्या कुठल्याही कार्यशाळेपेक्षा हा अभ्यास जास्त देईल.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’मधला नियम तर तुला तोंडपाठ असेल: काही मिळवायचं तर तितकंच काही द्यावं लागतं. मेलेल्या आईला परत आणायला गेलेल्या दोन भावांपैकी एकाचा पाय जातो, दुसऱ्याचं सगळं शरीर जातं, आणि धाकट्याचा जीव चिलखतात बांधून ठेवायला मोठा भाऊ आपला हातही देतो. या एका नियमावर संपूर्ण मालिका उभी आहे. आता तुझ्या ड्रॅगन-देवाकडे ये. तो शहराची राखण करतो, ठीक. त्याबदल्यात शहर त्याला काय देतं? दिलं नाही तर काय होतं? तो चुकू शकतो का? सोबतच्या पानांत तू त्याच्या खवल्यांचा रंग लिहिलास, त्याच्या डोळ्यांबद्दल लिहिलंस, पण यातलं एकही उत्तर नाही. मैत्रिणीला जे ‘पाहिलेलं’ वाटलं ते यामुळे. किंमत नसलेला देव सगळीकडे सारखाच दिसतो.

‘आपल्या मातीतलं लिही’ असं सांगणाऱ्यांशी माझं पूर्ण जमत नाही. रेनला नारळाच्या बागेत उभं करून त्याचं नाव रामा ठेवलं म्हणून गोष्ट तुझी होणार नाही. ‘फुलमेटल’च्या लेखिका हिरोमू अराकावा जपानच्या होक्काइदो बेटावरच्या दुभत्या गाईगुरांच्या घरात वाढल्या, गोठ्यात राबल्या. आजही स्वतःचं चित्र काढतात ते चष्मा लावलेल्या गाईचं. त्यांनी गोष्ट मात्र रचली ती रेल्वे, कारखाने आणि सैन्य असलेल्या, युरोपसारख्या दिसणाऱ्या एका कल्पित देशात. तरीही फुकट काही मिळत नाही, काम केल्याशिवाय जेवण नाही, जनावर मरतं आणि त्याच्या मरणावर आपण जगतो, हे ज्या ठामपणे त्या लिहितात तो ठामपणा गोठ्यातून आलेला आहे. देश कल्पनेतला असू दे, पण आतलं ज्ञान स्वतःचं हवं.

तुझा रेन बंदरावर राहतो. त्या बंदरावर पहाटे काय होतं? मासळीचा लिलाव कोण पुकारतो, टोपली कोण उचलते, बर्फ कुठून येतो, वाऱ्याचा रोख बदलला हे म्हाताऱ्या खलाशाला कशावरून कळतं? हे तुला जपानबद्दल ठाऊक असायचं कारण नाही. पण हे तुला ठाऊक आहे. तू किनाऱ्यावर वाढलीस. रापणीच्या मोठ्या जाळ्याचे दोर ओढायला सगळा वाडा उतरतो तेव्हा कोण पुढे असतं, कोण मागे, वाटा कसा पडतो, कोण उगाच भांडतं, हे तू शेकडो वेळा पाहिलं असशील. ते सगळं रेनला दे. शहराचं नाव जपानी राहिलं तरी बंदर तुझं होईल. आणि मग कदाचित तुलाच ते जपानी नाव नकोसं होईल. तो निर्णय तेव्हा घे, आत्ता नको.

आता तुझ्या पत्रातल्या त्या दोन ओळी, ज्या तू तक्रार म्हणून लिहिल्यास. ‘दोन महिने समुद्रसुद्धा बंद असतो.’ अगं, हे वाक्य तुझ्या तिन्ही वह्यांचं पहिलं वाक्य होऊ शकतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, जाळी विणत बसलेले पुरुष, संध्याकाळी गरजणारं पाणी, सुक्या मासळीवर चाललेलं घर, आणि नारळी पुनवेला नारळ सोडेपर्यंत सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. एक अख्खं गाव एकसष्ट दिवस समुद्राच्या इतकं जवळ राहून समुद्रात जात नाही. या काळात समुद्रातून कोणी वर आलं तर? किंवा कोणी नियम मोडून रात्री होडी पाण्यात घातली तर? मी तुझी गोष्ट लिहून देत नाहीये, फक्त एवढंच दाखवतेय की गोष्टीला लागते ती मर्यादा तुझ्या गावाने आयतीच घालून दिली आहे.

आणि आजी. ती सांगते तो देव रात्री गाव फिरतो म्हणून वाट मोकळी ठेवायची. तुझ्या तालुक्यातल्याच आरवलीला वेतोबाच्या देवळात तू गेली असशीलच. माणसाहून उंच मूर्ती, केळ्यांचे घड, आणि नवसाला वाहिलेल्या भल्यामोठ्या चामडी वहाणा. देव रात्रभर गावाची राखण करत हिंडतो, म्हणून त्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा. क्षणभर लेखिका म्हणून याकडे बघ. राखण करणारा देव उडत नाही, चालतो. चालतो म्हणून त्याचे तळवे झिजतात. झिजतात म्हणून माणसांनी त्याला नव्या वहाणा द्यायच्या. देव आणि गाव यांच्यातला देण्याघेण्याचा सगळा करार एका झिजलेल्या टाचेत दिसतो, ड्रॅगनबद्दल मी वर विचारलेल्या सगळ्या प्रश्नांच्या उत्तरांसकट.

इथे एक गोष्ट सांभाळ. वेतोबा, रवळनाथ, सातेरी ही लोकांची जिवंत दैवतं आहेत. त्यांना उचलून पात्र बनवू नकोस, त्यांच्या तोंडी संवाद घालू नकोस. आजीसारख्या माणसांच्या मनात त्या देवाची जागा आहे, ती आपल्या कथेसाठी हलवायचा हक्क आपल्याला नाही. तुझा कल्पित गाव कर, त्याला तुझा कल्पित राखणदार दे, त्याचे नियम तू ठरव. मग त्याला हवं तसं वागव, चुकू दे, थकू दे.

‘नात्सुमे’चा पहिल्या सीझनमधला दुसरा एपिसोड आठवतो? एका छोट्या देवळीतला देव. भक्त कमी होत गेले तसा तो आकाराने लहान होत गेला. आता शेवटची एक म्हातारी बाई येते, फळ ठेवते, हात जोडते. ती गेल्यावर तोही जातो. मला तो एपिसोड पाहताना सतत आपली बंद घरं आठवत होती. सगळे चाकरमानी मुंबईला, घराला कुलूप, गणपतीपुरतं दार उघडायचं, आणि मागच्या परड्यातल्या राखणदाराला नारळ ठेवायला गावात उरलेली एकच काकी. ती जमीन उद्या विकली गेली आणि नव्या मालकाने कुंपण घातलं तर तो राखणदार कोणाचा? जुन्या घराचा की त्या जमिनीचा? नव्या मालकाला त्याच्याबद्दल कोणी सांगितलंच नाही तर? वाड्यावाड्यांतून आत्ता हेच चाललंय, आणि तू म्हणतेस इथे काही घडत नाही.

मात्र ड्रॅगन खोडून तिथे ‘राखणदार’ लिहिलं एवढ्यावर थांबलीस तर आधीचीच चूक नव्या कपड्यांत होईल. पुष्कळ जण सध्या असं करतात. देवचार, मुंजा, हडळ यांची नुसती यादी येते, प्रत्येकाला एक शक्ती मिळते आणि मग मारामारी सुरू. नात्सुमेतली भुतं लक्षात राहतात ती त्यांना कोणाची तरी आठवण येते म्हणून. नात्सुमेच्या ज्या आजीने खेळात हरवून त्यांची नावं वहीत लिहून घेतली, तिची ती वर्षानुवर्षं वाट बघत असतात. तुझ्या राखणदाराला काय हवंय हे ठरल्याशिवाय त्याला पानावर आणू नकोस.

भाषेचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. वह्यांतली जी पानं तू पाठवलीस त्यांवरून रेन आणि त्याचे मित्र हिंदी डबिंगच्या मराठी भाषांतरासारखं बोलतात. ‘मी तुला वचन देतो, मी या शहराचं रक्षण करीन.’ असं कोण बोलतं? आजीचं एक वाक्य पत्रात होतं, आणि सबंध पत्रात जिवंत माणसाचा आवाज तेवढाच होता. ‘बाराकामोन’ बघितलं नसशील तर बघ, बाराच एपिसोड आहेत. अक्षरं पुस्तकी आहेत असं ऐकून भडकलेला तरुण सुलेखनकार गोतो बेटांवर पाठवला जातो, आणि तिथल्या पोरांच्या गावठी बोलीने त्याला सळो की पळो करून सोडलेलं असतं. ज्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, ते बनलं तिच्या लेखिका सात्सुकी योशिनो स्वतः त्याच बेटांवरच्या, म्हणून ती बोली नकली वाटत नाही. तुझ्याकडे मालवणी आहे. निवेदन प्रमाण मराठीत ठेव, माणसांना घरात बोलतात तसं बोलू दे. पुण्याच्या वाचकाला चार शब्द अडले तर अडू देत, तो संदर्भाने समजून घेईल.

संवाद कसे चढवायचे हे शिकायला तुला नेटवर जायची गरज नाही. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात. एका दशावताराला पूर्ण रात्र बस, मोबाइल पिशवीत ठेवून. त्या नटांच्या हातात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, कोण कधी येणार ते ठरलेलं, बोलणं त्या त्या वेळी उभं राहतं. दोन राजे युद्धाला येतात तेव्हा शस्त्र उचलण्याआधी ते कितीतरी वेळ शब्दांनी भांडतात, आणि प्रेक्षकाला कळून चुकतं की दोघांचंही काहीतरी खरं आहे. मग पेटी-पखवाज चढतो आणि युद्ध होतं. तुला आवडणाऱ्या शोनेन, म्हणजे किशोरांसाठीच्या साहसी, अ‍ॅनिमेतली चांगली लढाईसुद्धा अशीच बांधलेली असते. आधी दोघांची बाजू, मग वार.

सहाशे पानांच्या महागाथेचं काय करायचं? सध्या बाजूला ठेव. ‘वन पीस’ आज हजारच्या वर एपिसोडवर गेलंय, पण १९९७मध्ये मांगा मालिका सुरू होण्याआधी एइचिरो ओदांनी ‘रोमान्स डॉन’ नावाने त्याच नायकाची, लुफीची, सुटी, एका बैठकीत संपणारी कथा लिहिली होती. तीही दोनदा. मांगाच्या जगात ही नेहमीची रीत आहे, आधी एक पुरी गोष्ट, मग मालिका. तू वीस पानांची एकच गोष्ट लिही. एक गाव, एक राखणदार, एक मुलगी, एक पावसाळा. संपव. संपवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि तीन वह्यांत ते तुला एकदाही करावं लागलेलं नाही. ‘इझोकेन’मध्ये शाळकरी मैत्रिणी मिळून फिल्म बनवतात; त्यांतली असाकुसा कल्पनांच्या मागे वाहवत जाते आणि कानामोरी तिला तारीख, पैसे आणि किती वेळ उरलाय ते सांगत राहते. शेवटी फिल्म छोटी करावी लागते, आवडते भाग गाळावे लागतात, पण फिल्म तयार होते आणि लोक बघतात. तुझ्या घरात कानामोरी नाही, तर कॅलेंडरवर तारीख लिहून ठेव. नारळी पुनव धर.

आईचं फार मनाला लावून घेऊ नकोस. तिला तुझ्या लिहिण्याचा राग नसावा, तुझ्या पुढच्या आयुष्याची काळजी असावी. बीकॉम नीट पूर्ण कर, त्यात हयगय नको. लिहिणं त्याच्या बरोबरीने चालतं, लेखनाचे पैसे यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत हातात काम असलं की मन शांत राहून लिहिता येतं. जमलं तर एकदा तिला ‘नात्सुमे’चा तो दुसरा एपिसोड शेजारी बसून दाखव, वाक्यं तू मराठीत सांग. देवळी, म्हातारी, ठेवलेलं फळ, यातलं काहीही तिला परकं वाटणार नाही.

आणि सुट्टीत एक दिवस काढून कुडाळजवळ पिंगुळीला जा. तिथली ठाकर मंडळी पिढ्यानपिढ्या चित्रकथी करतात. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रं एका गठ्ठ्यात, एकेक चित्र पुढे धरायचं आणि वीणा-टाळांच्या साथीने गात, बोलत गोष्ट पुढे न्यायची. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मिझुकी ज्या कामिशिबाईतून घडले तिचीच ही जवळची बहीण, तुझ्या गावाहून एसटीने जाण्याच्या अंतरावर. तिथे चित्रं सुंदर आहेत एवढंच बघून परत येऊ नकोस. एका चित्रावर किती वेळ थांबतात, कुठलं चित्र पटकन पुढे नेतात, पुढचं चित्र दाखवण्याआधी आवाजाचं काय करतात, ते टिपून घे. दृश्य कुठे तोडायचं हे तुला तुझ्या वीस पानांसाठी लगेच लागेल.

पहिला खर्डा झाला की आजीला वाचून दाखव. ती जिथे ‘असा नाय बोलनत’ म्हणून अडवेल तिथे खूण कर, दुरुस्त कर, आणि मग मला पाठव.